हळू चालणाऱ्या शहरात आठ दिवस

रिपोर्ट सगळे उत्तम होते, माणूस मात्र पार थकलेला होता. अशा वेळी मावशीनं कोलकात्याला बोलावलं. ट्राम, गंगेवरची लाँच, रवींद्रनाथांचं घर आणि खोड नसलेलं एक वडाचं झाड… या सगळ्यांनी मिळून काय शिकवलं, त्याची ही हकिकत.

त्या दिवशी ऑफिसात मी एक वाक्य तीनदा वाचलं, पण त्याचा अर्थ काही डोक्यात शिरेना. गंमत म्हणजे ते वाक्य मीच आदल्या दिवशी लिहिलेलं होतं!

तोपर्यंत माझी समजूत होती की थोडी झोप कमी पडतेय, एवढंच. बारा वर्षं पत्रकारितेत काढल्यावर धावपळीचं काही वाटेनासं होतं. अंक वेळेवर निघतो, पानं लागतात, रविवारही ऑफिसच्या फोनवर जातो. पण गेले काही महिने सकाळी उठतानाच मी दमलेली असायची. आवडती माणसं भेटायला आली तरी 'ही जातील कधी?' असं वाटायचं. आणि एका रात्री, गॅदरिंगच्या नाचाची स्टेप दाखवायला आलेल्या माझ्या आठ वर्षांच्या लेकीवर मी अशी काही खेकसले, की ती एक अक्षर न बोलता आजीच्या खोलीत जाऊन झोपली. ती रडली असती तरी बरं झालं असतं. तिला या सगळ्याची सवय झालीय, हे मला त्या रात्री कळलं.

त्याच रात्री मी राजीनाम्याचं पत्र लिहिलं आणि पर्समध्ये ठेवलं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं बळेबळे डॉक्टरांकडे नेलं. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, सगळं तपासून झालं. डॉक्टर म्हणाले, ''रिपोर्ट उत्तम आहेत. तुम्ही मात्र उत्तम नाही आहात.''

त्यांनी जो शब्द वापरला तो हल्ली बराच कानावर पडतो – बर्नआउट. न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये त्यावर लेख लिहिला. दिवसभर स्वतःचे पेशंट बघून संध्याकाळी ते एका मोफत दवाखान्यात काम करत. तिथे जीव ओतून सेवा करणारी तरुण मंडळी काही काळानं आतून विझत जातात, हे त्यांच्या लक्षात आलं. स्वतः तेही त्यातून गेले होते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये या अवस्थेची नोंद आपल्या वर्गीकरणात केली. तिला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला गेला नाही की ही स्थिती ओढवते, असं तिथे म्हटलंय. खूणगाठी तीन : शक्ती संपून जाणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. वाचकहो, तिन्ही खुणा माझ्याकडे होत्या. वर चहाबरोबर दोन बिस्किटं खाऊन जेवण टाळण्याची चौथीही होती!

गीतांजलीतले तीस तास

कोलकात्यात माझी धाकटी मावशी राहते. लग्न होऊन ती तिथे गेली त्याला आता चाळीस वर्षं होतील. काका गेले, मुलगा परदेशी, पण ही भवानीपूरचं घर सोडायला तयार नाही. आईनं तिला फोनवर सगळं सांगितलं असणार. तिचा मला फोन आला. ''जानेवारी आहे. हवा छान आहे. निघून ये. आणि विमानानं येऊ नकोस.''

''का गं?''

''विमानानं फक्त तू येशील. मन दोन दिवसांनी पोचेल. त्याची वाट बघत बसायला मला वेळ नाही.''

म्हणून २०२४ च्या जानेवारीत, लेकीला आजीच्या आणि नवऱ्याच्या हवाली करून, मी मुंबईहून गीतांजली एक्स्प्रेसमध्ये बसले. या गाडीचं आणि आपलं एक नातं आहे. रवींद्रनाथांच्या काव्यसंग्रहाचं नाव असलेली ही गाडी डिसेंबर १९७७ मध्ये सुरू झाली, ती मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना. वरचा वर्ग, खालचा वर्ग असा भेद नसलेली गाडी असावी, ही त्यांची कल्पना. पुढे या गाडीला वातानुकूलित डबे आले, पण नाव तेच राहिलं.

सकाळी सहाला सुटलेली गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी हावड्याला लागते. भुसावळपर्यंत मी सारखा मोबाइल बघत होते. अकोल्याच्या पुढे रेंज गेली आणि मी अक्षरशः कासावीस झाले. नागपूरला पुन्हा रेंज आली, तेव्हा एकोणीस निरोप येऊन पडले होते. एकालाही माझ्या उत्तराची गरज उरली नव्हती. सगळ्यांचं सगळं माझ्यावाचून भागलं होतं! याचा आनंद मानावा की अपमान, हे ठरवण्यातच गोंदिया आलं.

हावडा स्टेशनातून बाहेर पडलं की समोर गंगा. इथे तिला हुगळी म्हणतात. डावीकडे तो प्रसिद्ध हावडा पूल, १९४३ मध्ये खुला झालेला. एवढा अजस्र सांगाडा, पण नट-बोल्ट न वापरता नुसत्या रिव्हेटांवर जोडलेला. टॅक्सीवाल्यांच्या गराड्यातून सोडवत मावशीनं मला सरळ लाँचवर नेलं. पाच-सात मिनिटांचा प्रवास. वारा, पाण्याचा वास, मागे सरकत जाणारा पूल. ''काही बोलू नकोस, नुसती बघ,'' मावशी म्हणाली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, मार्च २०२४ मध्ये, याच नदीच्या तळाखालून मेट्रो धावू लागली. घाईत असणाऱ्यांची मोठीच सोय झाली. पण पहिल्यांदा जाणाऱ्यानं मात्र नदी वरूनच ओलांडावी.

भातघूम

आपल्याकडे जिला वामकुक्षी म्हणतात, तिला बंगालीत भारी गोड शब्द आहे – भातघूम. घूम म्हणजे झोप. भात खाऊन येते ती भातघूम! पुण्यातल्या एक ते चारवर आपण विनोद करतो, पण कोलकात्यातल्या जुन्या वस्त्यांमधली कितीतरी छोटी दुकानं दुपारी बिनदिक्कत फळी लावून घेतात आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही.

मावशीच्या घरी दिवस ठरलेला. सकाळी बाजारातून भाजी, मग चहा आणि वर्तमानपत्र, दुपारी डाळ-भात आणि पोस्तो घातलेली बटाट्याची भाजी. पोस्तो म्हणजे खसखस. मावशीनं चाळीस वर्षांत मासे शिजवायला शिकून घेतले, पण वरणाला फोडणी मात्र अजून आपलीच असते. संध्याकाळी हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात ओळखीचं कुणी आलं असेल तर चक्कर, नाहीतर गॅलरीत बसून रस्ता बघायचा.

पहिल्या दिवशी मी दुपारी चार तास झोपले आणि उठल्यावर विनाकारण रडले. मावशीनं काही विचारलं नाही. फक्त चहा आणून ठेवला.

दोन दिवस असे बरे गेले. तिसऱ्या दिवशी मात्र मी माती खाल्ली. मावशी आंघोळीला गेलेली बघून लॅपटॉप उघडला. 'फक्त एक लेख नजरेखालून घालते' म्हणता म्हणता दोन तास गेले. सहकाऱ्याशी फोनवर वादही झाला. छातीत तीच धडधड, हाताला तोच घाम. मावशी दारात उभी राहून बघत होती.

''झालं काम?''

''हो. आता नाही करणार.''

''तू नाही केलंस तर अंक निघणार नाही का?''

''निघेल.''

''मग भीती कसली?''

या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. अंक निघणार नाही, ही भीती नव्हतीच. माझ्याशिवाय अंक निघेल, याची भीती होती!

तेव्हा मावशीनं एक गोष्ट सांगितली, जी आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हती. काका गेले त्या वर्षी ती शाळेत शिकवत होती आणि घरी शिकवण्याही घेत होती. दुःख विसरायचं म्हणून तिनं कामाचा डोंगर उभा केला. एके दिवशी वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी राहिली आणि पुढे काय लिहायचं तेच आठवेना. ''सहा महिने घरी होते मी. तुम्हाला पत्रात लिहायची, इथे सगळं छान आहे. लाज वाटायची गं. हात-पाय धड असताना माणूस नुसता दमतो, हे कुणाला पटणार?''

''मग बरी कशानं झालीस?''

''झोपेनं थोडी. बाकी शिकवण्या सोडल्यावर. नुसत्या विश्रांतीनं काही होत नाही. परत जाऊन तेच ओझं उचललं तर महिन्याभरात पुन्हा तिथेच.''

थोडक्यात, आठ दिवसांच्या सहलीनं मी बरी होईन, या माझ्या समजुतीला तिनं तिथेच टाचणी लावली.

घाईवाला माणूस ट्राममध्ये चढत नाही

चौथ्या दिवशी श्यामबाजारहून एस्प्लनेडला जाणारी ट्राम पकडली. 'पकडली' हा शब्दही चुकीचाच, कारण ट्राम पकडावी लागत नाही. ती इतकी सावकाश येते की आपण हातातला चहा संपवून चढू शकतो. लाकडी बाकं, खिडकीतून येणारा उन्हाचा पट्टा आणि टिंग टिंग घंटा. कॉलेज स्ट्रीटवर तर तिच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांचीच दुकानं. इतकी जवळ, की हात लांब केला तर एखादं पुस्तक उचलता यावं.

कोलकात्यात पहिली ट्राम धावली ती २४ फेब्रुवारी १८७३ रोजी, सियालदह ते आर्मेनियन घाट. तेव्हा तिला घोडे जोडलेले असत. विजेवरची ट्राम १९०२ मध्ये आली. आपल्या मुंबईतही १८७४ पासून ट्राम होती. ती १९६४ च्या मार्चअखेरीस बंद झाली. मुंबईला घाई होती, कोलकात्यानं ट्राम जपली. पण इथेही मार्ग एकेक करून आटत गेले. आमच्या प्रवासानंतर काही महिन्यांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये, मैदान ते एस्प्लनेड हा वारसा म्हणून ठेवायचा टप्पा सोडून बाकी ट्राम बंद करण्याचा मनोदय राज्य सरकारनं जाहीर केला. रस्ते अरुंद, गाड्या वाढलेल्या, ट्राममुळे कोंडी होते, हे त्यामागचं कारण. ट्रामप्रेमींनी निदर्शनं केली, प्रकरण कोर्टातही होतं.

मागे बसलेल्या एका आजोबांना मी विचारलं, ''बस लवकर पोचते, मग तुम्ही ट्रामनं का जाता?'' ते हसून हिंदीत म्हणाले, ''लवकर पोचून काय करू? घरी सून म्हणेल, भाजी निवडा!''

कॉलेज स्ट्रीटला उतरून कॉफी हाउसमध्ये गेलो. जुन्या अल्बर्ट हॉलमधली ही जागा. उंच छत, गरगरणारे पंखे, डोक्याला फेटा बांधलेले वेटर आणि टेबलाटेबलावर रंगलेला अड्डा. अड्डा म्हणजे विषय न ठरवता मारलेल्या गप्पा. त्यातून काही निष्पन्न व्हावं अशी कुणाची अपेक्षाच नसते! एका कॉफीवर दोन तास बसलं तरी कुणी उठवत नाही. त्या दिवशी दीड तासात मी घड्याळ एकदाही पाहिलं नाही. हे माझ्या लक्षात आलं तेही बाहेर पडल्यावर.

धातूलाही थकवा येतो!

राजाबाजारजवळ आचार्य प्रफुल्लचंद्र रोडवर बोस इन्स्टिट्यूट आहे. बंगालीत तिला बसू विज्ञान मंदिर म्हणतात. जगदीशचंद्र बसूंनी आपल्या ५९ व्या वाढदिवशी, ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, ही संस्था स्थापन केली. वनस्पतींना संवेदना असतात हे दाखवणारे शास्त्रज्ञ म्हणून आपण त्यांना शाळेत भेटलेले असतो. पण त्यांच्या संशोधनातला एक धागा मला तिथेच, त्या रस्त्यावर उभी असताना आठवला आणि मी थबकलेच.

बसू आधी बिनतारी लहरींवर काम करत होते. लहरी टिपणारं त्यांचं उपकरण सतत वापरलं की हळूहळू मंद होत जातं, हे त्यांना दिसलं. बिघाड झाला म्हणावं तर काही मोडलेलं नाही. काही काळ वापर थांबवला की तेच उपकरण पुन्हा पहिल्यासारखं काम करू लागे! स्नायू दमतो आणि विसाव्यानं सावरतो, तसंच हे नाही का, असा प्रश्न त्यांना पडला. मग त्यांनी धातू, वनस्पती आणि प्राण्यांचे स्नायू यांच्या प्रतिसादांचे आलेख शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मे १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी हे प्रयोग मांडले आणि १९०२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. सजीव आणि निर्जीव यांच्यात त्यांनी काढलेल्या साम्यावर तेव्हा मोठे वाद झाले. ते शास्त्रज्ञांकडे सोपवू. पण लोखंड-कथलासारख्या धातूलाही थकवा येतो आणि थांबल्यानं तो उतरतो, हे ज्यानं नोंदवलं त्या माणसाच्या दारात उभं राहून मला वाटलं, मग मी स्वतःची एवढी लाज का बाळगावी?

आजारपणातली वही

सहाव्या दिवशी जोडासांको. चितपूर रोडवरून आत, द्वारकानाथ टागोर लेनमध्ये ठाकूरांची ती लाल रंगाची वास्तू. इथेच १८६१ मध्ये रवींद्रनाथ जन्मले आणि इथेच ७ ऑगस्ट १९४१ रोजी त्यांनी देह ठेवला. आता तिथे संग्रहालय आहे. चपला बाहेर काढून, हलक्या पावलांनी खोल्या बघायच्या.

या घराचा आपल्याशीही संबंध आहे. त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ हे आय.सी.एस. झालेले पहिले भारतीय. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली. साताऱ्यातही ते न्यायाधीश होते. रवींद्रनाथ स्वतः १८७८ मध्ये विलायतेला जाण्याआधी मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी इंग्रजी बोलण्याचा सराव करायला राहिले होते.

पण मला सांगायचीय ती १९१२ ची गोष्ट. तोवर रवींद्रनाथांवर एकामागून एक घाव बसले होते. १९०२ मध्ये पत्नी गेली, पुढच्या वर्षी मुलगी रेणुका, १९०५ मध्ये वडील आणि १९०७ मध्ये धाकटा मुलगा शमींद्र. त्यात शांतिनिकेतनच्या शाळेचा भार आणि पैशांची ओढाताण. मार्च १९१२ मध्ये ते इंग्लंडला निघायचे होते. सामानाची बांधाबांध झाली, निरोपाच्या भेटीगाठी झाल्या आणि ऐन निघायच्या वेळी ते आजारी पडले. डॉक्टरांनी प्रवासाला बंदी केली. जहाज गेलं, हे मागे राहिले.

मग ते पद्मा नदीकाठी शिलाइदहला विसाव्याला गेले. हे गाव आता बांगलादेशात आहे. नवं काही लिहायची ताकद नव्हती. नुसतं पडून राहणंही जमेना. तेव्हा त्यांनी आपल्याच जुन्या गाण्यांचे इंग्रजी अनुवाद करायला घेतले. छापायचं होतं म्हणून नाही, तर मनाला बरं वाटावं म्हणून. एक वही भरली. मे महिन्यात ते मुंबईहून बोटीत बसले, तेव्हाही हे काम चालूच होतं. लंडनमध्ये ती हस्तलिखितं असलेली बॅग त्यांच्या मुलाच्या हातून भुयारी रेल्वेत राहिली आणि हरवलेल्या सामानाच्या कचेरीत सापडली! त्याच वहीतून इंग्रजी 'गीतांजली' झाली आणि १९१३ मध्ये नोबेल पारितोषिक आलं.

आता याचा अर्थ, सुट्टी घेतली की नोबेल मिळतं, असा कृपया काढू नका! आमच्या ऑफिसात तरी तसं कुणाला मिळालेलं नाही. मला त्यात वेगळंच दिसलं. एवढा मोठा माणूसही एका सकाळी उठू शकला नव्हता. ठरलेलं जहाज त्यानं सोडलं. आणि बरं होताना त्यानं हाती घेतलं ते सगळ्यात हलकं, विनाअपेक्षेचं काम.

तिथे त्यांच्या चित्रांपुढेही मी बराच वेळ उभी होते. चित्रं ते साठी ओलांडल्यावर काढू लागले. सुरुवात कशी झाली? कवितेत खोडलेल्या ओळी त्यांना ओक्याबोक्या दिसायच्या, म्हणून त्या खाडाखोडीला ते आकार देत गेले. त्यातून पक्षी झाले, चेहरे झाले. १९३० मध्ये पॅरिसला त्यांचं पहिलं प्रदर्शन भरलं. माझा तर धंदाच खाडाखोडीचा. रोज शेकडो ओळी खोडते आणि विसरते. चुकलेल्या ओळीपाशी थोडं थांबून बघावं, असं कधी मनात आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी लेकीला व्हिडिओ कॉल लावला आणि म्हटलं, ''तो नाच मला पुन्हा दाखव.'' ती क्षणभर बघत राहिली. ''तू फोन ठेवणार नाहीस ना मध्येच?'' असं तिनं विचारलं. नाही ठेवला. पूर्ण नाच बघितला, दोनदा.

खोड नसलेलं झाड

शेवटच्या दिवशी नदीपलीकडे, हावड्याजवळच्या शिबपूरला वनस्पती उद्यानात गेलो. १७८७ मध्ये कर्नल रॉबर्ट किड यांनी सुरू केलेल्या या उद्यानाला २००९ पासून जगदीशचंद्र बसूंचं नाव आहे. सगळे बघायला येतात तो इथला महावड. वय अडीचशे वर्षांच्या वर. विस्तार साडेतीन एकरांहून अधिक. दुरून वाटतं, हे जंगल आहे. जवळ गेल्यावर कळतं, हे सगळं एकच झाड आहे!

मी त्याचं मुख्य खोड शोधायला लागले. मावशी हसली. ''सापडायचं नाही. ते नाहीच आहे.''

खरंच नाही. १८६४ आणि १८६७ च्या मोठ्या वादळांत या झाडाला जबर मार बसला. जखमांमधून बुरशी शिरली. खोड कुजत गेलं आणि अखेर १९२५ मध्ये ते काढून टाकावं लागलं. एखादं झाड खोड गेल्यावर संपलंच असतं. पण वडाला पारंब्या असतात. त्या जमिनीत उतरून त्यांचेच खांब झालेले होते. त्यांच्यावर झाड उभं राहिलं, इतकंच नाही तर पसरत राहिलं. आज तीन हजारांहून अधिक पारंब्या त्याला तोलून धरतात. मे २०२० मध्ये अम्फान चक्रीवादळानं काही पारंब्या मोडल्या, तरी वड उभाच आहे.

त्या सावलीत बसून मी पर्समधलं पत्र काढलं आणि मावशीला दिलं. तिनं चष्मा लावून दोन्ही परिच्छेद वाचले. ''मराठी छान आहे,'' म्हणाली. मग थोड्या वेळानं, ''नोकरी सोडायचीच असेल तर सोड. पण दमलेल्या माणसानं मोठे निर्णय घेऊ नयेत. आधी तुझ्या पारंब्या मोज.''

मी मोजल्या. लेक, नवरा, सासूबाई, आई, ही मावशी. वाचन, जे मी कामापलीकडे चार वर्षांत केलं नव्हतं. गाणं, जे कॉलेजात सुटलं. इतकी वर्षं मी सगळा भार एकाच खोडावर टाकला होता आणि त्याचं नाव होतं 'माझं काम'. ते कुजायला लागल्यावर मला वाटलं, मीच संपले.

पुन्हा येते हं!

निघताना मावशीच्या शेजारणीला नमस्कार केला आणि सवयीनं म्हटलं, ''येते हं.'' मावशीनं बंगालीत सांगितलं तेव्हा त्यांना फार मौज वाटली. बंगालीतही निरोप घेताना 'जाते' म्हणत नाहीत. 'आशि' म्हणतात, म्हणजे 'येते'! दोन हजार किलोमीटरवरची दोन माणसं जाताना तोच एक शब्द उच्चारतात.

परत आल्यावर मी संपादकांना भेटले. राजीनाम्याऐवजी तीन मागण्या केल्या : माझ्याकडच्या तीन पानांपैकी एक पान दुसऱ्याला द्यावं, आठवड्याची सुट्टी खरोखरची सुट्टी असावी आणि रात्री नऊनंतर फोन नसावा. पहिल्या दोन मान्य झाल्या. तिसरीवर ते म्हणाले, ''बघू.'' म्हणून नऊनंतर फोन मीच दुसऱ्या खोलीत ठेवते. अंक निघतोच आहे.

मी पूर्ण बरी झाले, असं म्हणणार नाही. अजूनही एखाद्या आठवड्यात छाती धडधडते. पण आता ती खूण मला ओळखता येते. आणि रविवारी दुपारी आमच्या घरी भातघूम असते. लेकीनं दारावर तशी पाटीच लावलीय. ते पत्र? ते मी मावशीकडेच ठेवून आलेय. तिला त्यातलं मराठी आवडलं होतं ना!

कसं जाल, काय पाहाल?

• मुंबईहून गीतांजली एक्स्प्रेस नाशिक, भुसावळ, अकोला, वर्धा, नागपूरमार्गे हावड्याला जाते. विमानानं जेमतेम अडीच-तीन तास.

• हवा नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. दुर्गापूजेच्या दिवसांत रोषणाई अपूर्व असते, पण विसाव्यासाठी जाणार असाल तर ती गर्दी टाळा.

• जोडासांको, व्हिक्टोरिया मेमोरियल अशी बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात. ट्रामचे मार्ग कमी झाले आहेत. जाण्यापूर्वी चौकशी करा.

• एका दिवसात एकच ठिकाण पाहा. मातीच्या भांडातला चहा, झालमुडी आणि मिष्टी दोई यांना वेळ ठेवा.

• झोप उडणं, सतत उदास वाटणं, जगणं नकोसं होणं अशी लक्षणं असतील तर सहलीवर विसंबू नका. डॉक्टरांना भेटा. केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे.